आर्नो नदीच्या काठी

रोमच्या यात्रेस निघालेली कुटुंबे अलीकडे आमच्याकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात. "फादर, रोम झाल्यावर दोन-तीन दिवस हाताशी आहेत. फ्लॉरेन्सला जाऊन यावं म्हणतो. तिथं काय काय बघायचं?" विचारणारे बहुधा खेड्यातले असतात. कोणी काजूच्या पिकाचे पैसे साठविलेले असतात, कोणाच्या मुलाने आखातातून रक्कम पाठविलेली असते. पुन्हा जाणे होणार नाही हे त्यांना ठाऊक असते, आणि म्हणून सारे काही पाहूनच परतावे अशी त्यांची ओढ असते. ती ओढ आम्ही ओळखतो, कारण तिनेच आम्हांस एकदा फसविले आहे.

वीस वर्षांपूर्वी आम्ही रोम येथे ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी होतो. एका सुट्टीच्या दिवशी पहाटेची गाडी धरून आम्ही फ्लॉरेन्सला गेलो. हातात एक लांबलचक यादी होती. एका दिवसात आम्ही नऊ चर्चे आणि दोन संग्रहालये उरकली. दहाव्या चर्चच्या दाराशी पोहोचलो तेव्हा दुपारची वेळ झाल्याने ते बंद होते, आणि आम्ही त्या बंद दारावर चरफडलो! रात्री परतीच्या गाडीत डोळे मिटले, तेव्हा कोणते चित्र कोणत्या भिंतीवर होते हे काही केल्या आठवेना. पाय तेवढे दुखत होते. त्यानंतर २०२५ च्या पवित्र वर्षात आमच्या धर्मग्रामातील अठरा जणांस घेऊन आम्ही पुन्हा तेथे गेलो, तीन दिवस राहिलो, आणि पहिल्या खेपेच्या निम्मेही पाहिले नाही. त्या दुसऱ्या खेपेचे आज सारे आठवते. पुढील मजकूर त्या आठवणीतून लिहीत आहोत.

इटालियन लोक या नगरास फिरेन्झे म्हणतात. रोमहून वेगवान गाडीने तेथे सुमारे दीड तासात पोहोचता येते. सांता मारिया नोव्हेल्ला हे स्टेशन नगराच्या अगदी मध्यभागी आहे, आणि पाहण्यासारखे बहुतेक सारे तेथून पायी जाण्याच्या टप्प्यात आहे. तेव्हा पायांत जुनी, सरावाची वहाण असावी. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत. आपल्या मायबहिणींस हे सांगावे लागत नाही, पण हल्लीच्या तरुण मुलांस सांगावे लागते. गर्दीत पाकीट सांभाळावे. आणि जेवणाच्या मेजावर पाव अळणी लागला तर वाढप्यास बोल लावू नये. या प्रांताचा पाव बिनमिठाचाच असतो. आमच्या मंडळींतील एका बाईंनी पहिल्या घासालाच, "फादर, मीठ विसरले वाटतं!" असे म्हटले, आणि पुढे तीन दिवस त्या पिशवीतून लोणच्याची बाटली काढीत राहिल्या.

पहिला दिवस कॅथेड्रलच्या चौकास द्यावा. या मंदिराचे नाव सांता मारिया देल फियोरे, म्हणजे फुलाची पवित्र मरिया. पायाभरणी १२९६ साली झाली. मंदिर वाढत गेले, भिंती उभ्या राहिल्या. मात्र वेदीवरचा मध्यभाग कसा झाकावा हे कोणास सुचेना. चाळीस मीटरांहून अधिक रुंदीची ती पोकळी होती. आपल्याकडे गवंडी कमान बांधतो तेव्हा खाली लाकडी आधार देतो आणि कमान पक्की झाल्यावर तो काढून घेतो. एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीचा लाकडी आधार द्यावयाचा तर लाकूड आणावे कोठून, आणि तो स्वतःच्याच भाराने टिकावा कसा? मंदिर वर्षानुवर्षे डोक्यावर छप्पर नसल्यासारखे उघडे राहिले. अखेर फिलिप्पो ब्रुनेलेस्की नावाच्या मनुष्याने हे काम पत्करले. त्याचे मूळ शिक्षण सोनाराचे. त्याने एकात एक असे दोन घुमट योजिले आणि विटा अशा तिरक्या वीणीने बसविल्या की प्रत्येक थर खालच्या थराच्या आधारे तोलून राहावा. जमिनीपासून लाकडी आधार न देता, १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत तो घुमट उभा राहिला. २५ मार्च १४३६ रोजी, गब्रिएल दूताने मरियेला निरोप दिला त्या सणाच्या दिवशी, पोप चौथे यूजीन यांनी मंदिराचे पवित्रीकरण केले. फ्लॉरेन्सचे नववर्षही त्याच दिवशी सुरू होत असे, आणि ही रीत १७४९ सालापर्यंत टिकली. प्रभूने मानवदेह धारण केला तो दिवस हाच वर्षाचा पहिला दिवस, अशी त्या लोकांची समजूत होती.

मंदिरात जाण्यास पैसे पडत नाहीत. घुमटावर चढावयाचे तर तिकीट काढून वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. पायऱ्या ४६३ आहेत, पाळणा नाही, आणि वाट इतकी अरुंद की मध्येच माघारी फिरणे कठीण. दमेकरी व हृदयविकारी मंडळींनी खालीच बसावे, त्यात कमीपणा नाही. आम्ही खालीच बसलो. गुडघे दुखत होते हे कारण, आणि आमच्याबरोबरच्या वृद्धांस सोबत हवी होती हे निमित्त.

मंदिरासमोर अष्टकोनी स्नानसंस्कार-मंदिर आहे, संत योहान बाप्तिस्ताच्या नावे. आठ बाजूंस अर्थ आहे. सात दिवसांत सृष्टी झाली, आणि प्रभू पुन्हा उठला तो आठवा, नव्या सृष्टीचा दिवस. या नगरात जन्मलेला महाकवी दान्ते याचा स्नानसंस्कार येथेच झाला. त्याच्या पूर्वेकडील कांस्यदारासाठी लोरेन्झो गिबेर्ती या शिल्पकाराने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे खर्चिली. त्यापूर्वी याच मंदिराच्या दुसऱ्या एका दारावर त्याची वीसेक वर्षे गेली होती. म्हणजे एका माणसाचे कर्ते आयुष्य दोन दारांत सरले! सोन्याचा मुलामा दिलेल्या पूर्वद्वाराच्या दहा चौकटींत जुन्या कराराच्या कथा आहेत: आदाम व एवा, काइन व हाबेल, नोहा, अब्राहाम, याकोब व एसाव, योसेफ, मोशे, यहोशवा, दावीद आणि शलमोन. चौकात आज दिसते ती प्रतिकृती आहे. मूळ दार मंदिरामागील संग्रहालयात काचेआड ठेवले आहे. मुलांस त्या काचेपुढे उभे करावे आणि कोणती कथा कोठे आहे ते त्यांनाच शोधू द्यावे. आमच्या मंडळींतील एका दहा वर्षांच्या मुलाने धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या आठ कथा न चुकता ओळखल्या, आणि त्याच्या शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आले. वाचता न येणाऱ्या गरिबांसाठी जे चित्रांत लिहून ठेवले होते, ते सहाशे वर्षांनी आपल्या खेड्यातल्या पोराने वाचले.

याच संग्रहालयात मायकेलअँजेलोने कोरलेली एक मूर्ती आहे. क्रुसावरून उतरविलेला प्रभूचा देह, आधार देणाऱ्या दोन मरिया, आणि सर्वांच्या वर, मागून वाकून तो देह सावरणारा वृद्ध निकदेम. सत्तरी ओलांडल्यावर मायकेलअँजेलोने ही मूर्ती स्वतःच्या थडग्यासाठी कोरावयास घेतली. काम मनासारखे होईना म्हणून एके दिवशी त्याने तिच्यावर हातोडा चालविला. पुढे त्याच्या एका शिष्याने तुकडे जोडले. प्रभूचा डावा पाय मात्र आजही नाही. निकदेमाचा चेहरा शिल्पकाराचा स्वतःचाच आहे असे मानतात. साऱ्या जगाने ज्याला वाखाणले, त्याने मरणाच्या तयारीत स्वतःला प्रभूचा देह उचलणाऱ्यांत बसविले आणि तेही काम पुरे झाले नाही. आमच्या मते या मूर्तीपुढे पाव तास बसावे. बसण्यास बाके आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर संत मार्क यांच्या डॉमिनिकन मठात जावे. मठाचा हा भाग आता संग्रहालय झाला असून तो बहुधा दुपारीच बंद होतो. म्हणून वार व वेळ आधी पाहून ठेवावी. पंधराव्या शतकात कोझिमो दे मेदिची या धनाढ्य सराफाने पैसा दिला व मठाची पुन्हा बांधणी झाली, आणि त्याच मठातील एका संन्याशाने भिंती रंगविल्या. जग त्याला फ्रा अँजेलिको, म्हणजे देवदूतासारखा बंधू, या नावाने ओळखते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८२ साली त्यास धन्यवादित घोषित केले आणि १९८४ साली कलावंतांचा आश्रयदाता ठरविले.

जिना चढून वर गेले की समोरच्या भिंतीवर मरियेला मिळालेल्या निरोपाचे चित्र येते. साधा ओसरीसारखा सज्जा, लाकडी बैठक, त्यावर छातीशी दोन्ही हात दुमडून बसलेली मुलगी, आणि समोर किंचित वाकलेला गब्रिएल दूत. चित्राखाली लॅटिनमध्ये सूचना लिहिली आहे की, येथून जाताना नमो मरिया म्हणावयास चुकू नये. आम्ही तिचा अर्थ सांगताच आमची मंडळी जिन्यातच थांबली आणि हलक्या आवाजात मराठीतून प्रार्थना म्हणू लागली. मागून येणारे परदेशी प्रवासीही थांबले. कोणीही पुढे रेटले नाही.

वर चाळिसाहून अधिक खोल्या आहेत. प्रत्येकीत एक खिडकी आणि भिंतीवर एकच चित्र. ही चित्रे कोणास दाखविण्यासाठी काढलेली नव्हती. प्रत्येक चित्र त्या खोलीत राहणाऱ्या एका संन्याशासाठी होते. पहाटे उठल्यावर आणि रात्री निजताना त्याने ते पाहावे, बस्स. एकच चित्र आयुष्यभर पाहणारी ती माणसे, आणि एका दिवसात नऊ चर्चे उरकणारे आम्ही! पहिल्या खेपेचा आमचा अपराध आम्हांस तेथे पुरता कळला.

या मठाचे मठाधिपती संत अंतोनिनुस पुढे १४४६ साली फ्लॉरेन्सचे आर्चबिशप झाले. त्यांनी बारा सज्जनांची एक मंडळी स्थापिली होती. चांगल्या घरची माणसे गरिबीत आली की त्यांना हात पसरण्याची लाज वाटते. अशांच्या घरी गुपचूप मदत पोहोचवावी हे त्या मंडळीचे काम. त्यांचे छोटेसे प्रार्थनामंदिर गावाच्या जुन्या गल्लीत आजही आहे, आणि मंडळीचे कामही चालू आहे. तेथील भिंतींवर ही दयेची कृत्ये रंगविलेली आहेत: भुकेल्यास अन्न, आजाऱ्याची भेट, मृतास मूठमाती. पूर्वी मंडळीची पेटी रिकामी झाली की ते सज्जन दारात एक मेणबत्ती लावीत, आणि ती पाहून गावकरी काय ते समजत, अशी आठवण तेथे सांगतात. आपल्या संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळीच्या सभासदांनी हे ठिकाण अवश्य पाहावे.

मठापासून जवळच अकॅडमी नावाच्या संग्रहालयात मायकेलअँजेलोचा दावीद आहे. दुसऱ्या शिल्पकारांनी अर्धवट कोरून टाकून दिलेला संगमरवराचा एक धोंडा कित्येक वर्षे आवारात पडून होता. १५०१ साली तो सव्वीस वर्षांच्या मायकेलअँजेलोच्या हाती आला, आणि १५०४ साली त्यातून पाच मीटरांहून उंच दावीद बाहेर पडला. हा पुतळा नगरसभेच्या वाड्यापुढे उभा होता. १८७३ साली तो आत आणला, आणि चौकात आज आहे ती प्रतिकृती. पुतळा विवस्त्र आहे. आमच्याबरोबरच्या काही भगिनी दारातच अडखळल्या व पदर सावरू लागल्या. आम्ही त्यांना इतकेच म्हटले की, दावीदाने राजाचे चिलखत अंगावरून उतरविले आणि गोफण घेऊन तो निघाला, ही कथा तुम्ही मिस्सामध्ये ऐकली आहे. त्याच्या अंगावर देवावरील भरवशाखेरीज काही नव्हते, हे शिल्पकाराने असे दाखविले आहे. मग त्या आत आल्या. एकीने खालून वर बराच वेळ पाहिले आणि ती म्हणाली, "फादर, पोरगं घाबरलंय की हो." कपाळावरची ती आठी आम्ही त्यापूर्वी नीट पाहिलीच नव्हती.

तेथून थोड्या पावलांवर एक शांत चौक आहे. त्याच्या एका बाजूस लांब ओसरी, नऊ कमानी, आणि कमानींच्या मध्ये निळ्या गोल फलकांवर बाळोत्यात गुंडाळलेली पांढरी बाळे. हे निरपराध बालकांचे आश्रयगृह. घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीनेच त्याचा आराखडा केला. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ साली काम सुरू केले, आणि ५ फेब्रुवारी १४४५ रोजी पहिले मूल आत आले. ती मुलगी होती. त्या दिवशीच्या संत आगाथावरून तिचे नाव आगाता ठेवले. ओसरीच्या टोकास जाळी लावलेली एक लहान खिडकी आहे. मूल तेथून आत सरकवीत. मोठे मूल त्या जाळीतून जात नसे. कोणी आणले हे कोणी विचारीत नसे. ही खिडकी १८७५ साली बंद झाली. संस्था मात्र बंद पडली नाही. आजही तेथे मुलांसाठी काम चालते.

आतील संग्रहालयात एका दालनात लहान लहान खण आहेत. प्रत्येक खण ओढला की आत एखादी खूण दिसते: अर्धे कापलेले पदक, तुटलेले नाणे, क्रूस, काचेचा मणी. मूल ठेवताना आई पदकाचे दोन तुकडे करी, एक मुलाच्या गळ्यात बांधी व एक स्वतःजवळ ठेवी. दिवस बरे आले, तर परत येऊन आपला तुकडा जुळवून मूल ओळखता यावे म्हणून. त्या खणांत आज जे आहेत ते मुलांजवळचे तुकडे. त्यांचे जोड आलेच नाहीत.

आमच्या मंडळींत सत्तरी उलटलेल्या एक आजी होत्या. चार नातवंडांच्या आजी, स्वभावाने बोलक्या. त्या एका खणापुढे उभ्या राहिल्या त्या हालेचनात. बाकीचे पुढे गेले. आम्ही जवळ गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, मला सिस्टरांनी वाढवलं. आमच्या आश्रमाच्या व्हरांड्यात कुणीतरी ठेवून गेलं होतं. चादरीत गुंडाळलं होतं म्हणतात. चादरीखेरीज आणखी काही होतं का, ते कधी विचारलंच नाही मी." थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा खणाकडे पाहिले. "ह्या बायकांनी टाकलं नव्हतं हो. परत यायचं ठरवलं होतं." एवढे बोलून त्यांनी तो खण दोन्ही हातांनी हलकेच आत सरकविला. वीस वर्षे आम्ही त्यांचे पापनिवेदन ऐकत नसू कदाचित, पण रोज सकाळी त्यांना पहिल्या बाकावर पाहत आलो आहोत. आणि हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही त्यांच्याबरोबर ओसरीवर येऊन बसलो. त्या दुपारचा बाकीचा कार्यक्रम आम्ही रद्द केला, आणि कोणीही कुरकुर केली नाही.

संध्याकाळी सांता क्रोचे, म्हणजे पवित्र क्रुसाच्या फ्रान्सिस्कन मंदिरात गेलो. येथे मायकेलअँजेलो व गॅलिलिओ यांच्या समाधी आहेत. दान्तेचेही स्मारक आहे, परंतु ते रिकामे आहे. नगराने त्यास हद्दपार केले होते, आणि त्याच्या अस्थी रावेन्ना येथेच राहिल्या. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर या मंदिरात शिरला. पाण्याबरोबर चिखल आणि तळघरांतील जळणाचे तेल आले. चिमाबुए या जुन्या चित्रकाराचा भव्य लाकडी क्रूस पाण्यात बुडाला आणि त्यावरील रंगाचा मोठा भाग कायमचा गेला. ज्या जागी रंग उरला नाही, तेथे दुरुस्ती करणाऱ्यांनी खोटा चेहरा रंगविला नाही. जखम दिसेल अशी ठेवली. तो क्रूस आज याच मंदिरसंकुलात, पाण्याच्या टप्प्याबाहेर, उंचावर टांगलेला आहे. त्या हिवाळ्यात देशोदेशींची तरुण मुले फ्लॉरेन्सला आली आणि चिखलातून ग्रंथ व चित्रे उचलीत राहिली. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणू लागले. पोप सहावे पॉल यांनी त्या वर्षीच्या नाताळची मध्यरात्रीची मिस्सा फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये केली. २०१९ च्या महापुरात बेळगाव-कोल्हापूरकडे ज्यांच्या घरांत पाणी शिरले, त्यांना हा क्रूस कोणी समजावून देण्याची गरज नाही.

तिसरा दिवस उफ्फिझी संग्रहालयाचा. उफ्फिझी म्हणजे कचेऱ्या; १५६० साली राजकारभाराच्या कचेऱ्यांसाठी ही इमारत बांधावयास घेतली. सोमवारी ती बंद असते, आणि तिकीट आधी काढले नाही तर रांगेतच दिवस जातो. आत शेकडो चित्रे आहेत. आमचा सल्ला असा की पाच निवडावी. आरंभीच्या एका दालनात चिमाबुए, दुच्चो व जोत्तो यांनी काढलेली, बाळ येशूस मांडीवर घेतलेल्या मरियेची तीन प्रचंड चित्रे आहेत. पहिल्या दोहोंतील मरिया स्वर्गातील राणी दिसते, आणि जोत्तोची मरिया खरोखर बसलेली, अंगात वजन असलेली आई दिसते. चित्रकलेत काय बदलले, हे पुस्तक न वाचता तेथे कळते. मग लिओनार्दोने तरुणपणी काढलेले दूतनिरोपाचे चित्र पाहावे, आणि मायकेलअँजेलोचे पवित्र कुटुंबाचे गोल चित्र. एवढे झाले की बाहेर येऊन कॉफी घ्यावी. उभ्याने घेतली तर स्वस्त पडते.

हा सारा ठेवा फ्लॉरेन्समध्येच राहिला, याचे श्रेय एका स्त्रीचे. मेदिची घराण्याची शेवटची वारस आना मारिया लुईझा हिने १७३७ साली नव्या राजघराण्याशी करार केला की, घराण्याचा एकही कलासंग्रह या नगराबाहेर जाऊ नये. तिला मूलबाळ नव्हते. तिने आपले सर्वस्व गावाच्या नावे करून ठेवले.

तिचे वडील तिसरे कोझिमो यांचे नाव गोव्याच्या वाचकांनी अजाणता पाहिलेले आहे. जुन्या गोव्याच्या बॉं जेझू बसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांची पेटी ज्या रंगीत दगडी चौथऱ्यावर आहे, तो चौथरा या कोझिमोंची देणगी. संताच्या मस्तकाखालची उशी त्यांना भेट मिळाली होती. तिच्या बदल्यात कृतज्ञता म्हणून त्यांनी आपला दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याजकडून हा चौथरा करवून घेतला. तो जहाजाने गोव्यास आला आणि १६९८ साली उभारला गेला. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो मंदिरात मेदिचींचे समाधिगृह आहे. तेथील भिंती याच रंगीत, कठीण दगडांच्या जडावकामाने मढविलेल्या आहेत. तेथे पाऊल टाकताच आमची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. "फादर, हे आपल्या सायबाच्या पेटीखालच्यासारखंच!" हजारो मैल येऊन त्यांना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले.

आणखी एक ओळखीचे माणूस या नगरात आहे, आणि त्याजकडे फारसे कोणी जात नाही. गावाच्या पश्चिमेस, आर्नोच्या काठी, काशिने नावाचे मोठे उद्यान आहे. त्याच्या अगदी टोकास, मुन्योने नावाचा ओढा नदीस मिळतो तेथे, एक रंगीत छत्री आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा अर्धपुतळा दिसतो. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडचा प्रवास करून परतताना ते फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथेच वारले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि दहनाची चाल तेथे कोणास ठाऊक नव्हती. तरीही अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, आणि दोन प्रवाहांच्या संगमावर महाराजांच्या माणसांनी आपल्या धर्माप्रमाणे त्यांचे दहन केले. १८७४ साली तेथे स्मारक उभे राहिले. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे मूळ आराखडेही त्यांचेच. जवळच आर्नोवर पुढे बांधलेल्या पुलास लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा झाडांखाली कोणी नव्हते. आमच्यातल्या बेळगावकडच्या एका शेतकऱ्याने टोपी काढली व तो म्हणाला, "एवढ्या लांब, एवढं लहान वय. घरच्यांना कळायलाच किती दिवस लागले असतील." आम्ही सर्वांनी त्या तरुण राजासाठी मूकपणे प्रार्थना केली.

संध्याकाळी नदीपलीकडच्या टेकडीवरील सान मिनियातो मंदिरात गेलो. हजार वर्षांचे हे मंदिर १०१८ साली सुरू झाले. संन्यासी सायंप्रार्थना लॅटिनमध्ये गातात, आणि ती ऐकण्यास तिकीट नाही. बाहेर पायऱ्यांवरून सारे नगर दिसते: तो घुमट, सांता क्रोचेचा मनोरा, आणि १३४५ साली बांधलेला, सोनारांच्या दुकानांनी भरलेला जुना पूल. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नदीवरचे बाकी सारे पूल उडविले, हा एक तेवढा राहिला.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. तीन दिवस असतील तर वर सांगितले तसे करावे. एकच दिवस असेल तर कॅथेड्रलचा चौक, संत मार्क यांचा मठ आणि निरपराध बालकांची ती ओसरी एवढेच पाहावे, आणि बाकीचे सोडले याची खंत करू नये. मोठी चित्रे व मोठे घुमट पाहून डोळे दिपतात, आणि ते दिपावेतच. परंतु ज्या हातांनी घुमट उभारला त्याच हातांनी टाकलेल्या लेकरांसाठी ओसरी बांधली, ज्या मठात देवदूत रंगविले गेले त्याच मठातून लाजऱ्या गरिबाच्या घरी मदत गेली, आणि ज्या नदीकाठी आपल्या मुलखातला एक तरुण मेला, तेथे परक्यांनी त्याला त्याच्या रीतीने निरोप देऊ दिला, हे ज्याने पाहिले त्याने फ्लॉरेन्स पाहिले असे आम्ही समजू.

त्या आजी परतल्यावर एके सकाळी मिस्सानंतर आमच्याकडे आल्या. ज्या आश्रमात त्या वाढल्या तेथे जाऊन जुनी वही पाहावी असे त्यांच्या मनात आहे. वय झालेले, वाट लांबची, आणि वहीत काही असेल-नसेल. त्यांच्या थोरल्या नातवाने त्यांना घेऊन जाण्याचे कबूल केले आहे. पावसाळा संपला की ते निघतील. आमच्या वाचकांनी त्यांच्यासाठी एक नमो मरिया म्हणावी, एवढी विनंती.